खर्जाची किंमत

दिवाणखान्यात दिमाखाने उभे राहणारे टॉवर स्पीकर गाणेही सुरेल ऐकवतील आणि चित्रपटातील स्फोटाने खोलीही हादरवतील, अशी ग्राहकाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात असा प्रत्येक स्पीकर म्हणजे आकार, खर्ज, ताकद आणि किंमत यांच्यात झालेला तह असतो. या तहाची कलमे समजून घेतली, तर निवड चुकण्याची शक्यता बरीच कमी होते.

स्पीकर विकणाऱ्या दुकानातील प्रात्यक्षिकाची खोली हा एक मोहक सापळा असतो. मंद प्रकाश, भिंतींवर जाड पडदे आणि समोर चकचकीत लाकडी वेष्टणातले दोन उंच खांब. आधी एखाद्या ख्यालाची ध्वनिमुद्रिका लागते, तंबोऱ्याची जवारी खोलीभर पसरते आणि ग्राहक सुखावतो. मग चित्रपटातील युद्धाचा प्रसंग सुरू होतो, सोफा थरथरतो आणि सौदा पक्का होतो. मात्र तीच जोडी घरी आली की चित्र पालटते. डग्गा घुमू लागतो, पात्रांचे संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात आणि आवाज थोडा वाढवला की गायकाचा स्वर कर्कश होतो. दोष स्पीकरचा, ॲम्प्लिफायरचा की कानाचा, हे कोणालाच उमगत नाही.

बहुतेक वेळा दोष यांपैकी कोणाचाच नसतो. त्या स्पीकरच्या रचनाकाराने केलेल्या तडजोडी त्या घराच्या आणि त्या श्रोत्याच्या गरजांशी जुळत नसतात, इतकेच. स्पीकरची रचना हे विज्ञान आहे आणि त्या विज्ञानात एक गोष्ट मिळवायची तर दुसरी सोडावी लागते.

हवा हलवण्याचे काम

आजचा स्पीकर ज्या तत्त्वावर चालतो, त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली आपला शोधनिबंध मांडला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा आणि वेटोळ्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहानुसार मागेपुढे होणारा तो शंकू, ही त्यांची रचना मूलतः आजही तशीच आहे. साहित्य बदलले, मोजमापे अचूक झाली. परंतु काम तेच राहिले, ते म्हणजे हवा हलवणे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला २० ते २०,००० कंपने, म्हणजेच २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. यातील सर्वांत खालच्या स्वराची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर सर्वांत वरच्या स्वराची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर असते. एकाच पडद्याने ही दोन्ही टोके सांभाळावीत, ही अपेक्षा हत्ती आणि मुंगी यांना एकाच जोखडाला जुंपण्यासारखी आहे. म्हणूनच खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर, वरच्या स्वरांसाठी जेमतेम एक इंच व्यासाचा ट्विटर आणि काही वेळा मधल्या स्वरांसाठी तिसरा ड्रायव्हर, अशी कामाची वाटणी करावी लागते.

खर्जासाठी किती हवा हलवावी लागते, याची कल्पना एका हिशेबाने येईल. साडेसहा इंची एकच वूफर बंद पेटीत बसवला आहे, असे समजू. एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल इतका ध्वनी ८० हर्ट्झला निर्माण करायचा, तर त्याच्या शंकूला दोन्ही बाजूंना सुमारे अडीच मिलिमीटर सरकावे लागते. तेवढाच ध्वनी ४० हर्ट्झला हवा असेल तर एक सेंटिमीटर आणि २० हर्ट्झला हवा असेल तर तब्बल चार सेंटिमीटर. स्वर एक सप्तक खाली गेला की शंकूची धाव चौपट होते, हा निसर्गाचा नियम आहे. या आकाराच्या बहुतेक वूफरची निर्दोष धाव काही मिलिमीटरपुरतीच असते. त्यापलीकडे वेटोळे चुंबकाच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाते आणि ध्वनी विकृत होतो. टॉवर स्पीकरच्या दर्शनी भागावर एकाखाली एक असे दोन किंवा तीन वूफर दिसतात, त्याचे मुख्य कारण हेच. ती केवळ शोभा नसते, तर एकाचा भार अनेकांनी उचललेला असतो.

हॉफमन यांचा पोलादी नियम

ध्वनितंत्रज्ञांच्या वर्तुळात एक नियम पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव जे. अँटन हॉफमन हे केएलएच या अमेरिकी स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीच्या नावातील शेवटचे अक्षर त्यांच्याच आडनावाचे. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘पोलादी नियम’ असा : खोल खर्ज, लहान पेटी आणि उच्च कार्यक्षमता या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. तिसरीवर पाणी सोडावे लागते.

हा नियम गणिताने मांडता येतो आणि त्याचे गणित निष्ठुर आहे. कार्यक्षमता तेवढीच ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा, तर पेटीचे आकारमान आठपट करावे लागते. ४० लिटर आकारमानाचा एखादा टॉवर ४० हर्ट्झपर्यंत उतरत असेल, तर त्याच कार्यक्षमतेने २० हर्ट्झ गाठण्यासाठी ३२० लिटरची पेटी लागेल. मोठ्या कुटुंबाच्या घरातील फ्रिज एवढा असतो, आणि असे दोन फ्रिज टीव्हीच्या दोन्ही बाजूंना ठेवायला किती घरे तयार होतील?

विसाव्या शतकाच्या मध्यावर याच नियमाची दोन टोके दोन माणसांनी गाठली. पॉल क्लिप्श यांनी १९४६च्या सुमारास बाजारात आणलेला ‘क्लिप्शहॉर्न’ खोलीच्या कोपऱ्यात बसवायचा असे. कोपऱ्यातील भिंतींचाच कर्ण्याच्या विस्तारासारखा उपयोग करणाऱ्या या अवाढव्य स्पीकरला अगदी थोडी वीज पुरे होई. दुसरीकडे एडगर व्हिलचर यांनी १९५४मध्ये अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या ‘एआर-१’ या स्पीकरमधून उलटी वाट धरली. हवाबंद लहान पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम देऊन त्यांनी पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढ्या आकारातून खोल खर्ज काढला. त्याची किंमत मोजावी लागली ती कार्यक्षमतेत, कारण या स्पीकरला भरपूर ताकदीचा ॲम्प्लिफायर लागे.

काळाने कौल दिला तो व्हिलचर यांच्या बाजूने. १९५८मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले. जागा महाग आणि वीज स्वस्त, असा व्यवहार ठरल्यावर पेट्या आक्रसत गेल्या. टॉवर स्पीकर हा या दोन टोकांमधला समझोता आहे. स्टँडवर ठेवलेला छोटा स्पीकर जमिनीवर जेवढी जागा अडवतो, साधारण तेवढ्याच जागेत उंचीचा फायदा घेऊन तो दुप्पट-तिप्पट आकारमान मिळवतो. शहरी घरात जमिनीला मोल आहे, हवेतील उंचीला तितकेसे नाही. टॉवरच्या लोकप्रियतेचे इंगित यातच आहे.

घागरीची फुंकर

बहुसंख्य टॉवर स्पीकरच्या पुढे किंवा मागे एक गोल भोक असते. ते हवा खेळती राहण्यासाठी असते, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ती खर्ज वाढवण्याची युक्ती आहे. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की एक ठरावीक घुमारा उमटतो. पेटीतील हवा आणि भोकाच्या नळीतील हवा यांचाही असाच एक ठरावीक स्वर असतो. शंकूच्या मागच्या बाजूने निर्माण होणारा आणि एरवी पेटीत वाया जाणारा ध्वनी या स्वराच्या आसपास उपयोगी पडतो. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजचे अल्बर्ट थुरास यांना या कल्पनेचे पेटंट १९३२मध्ये मिळाले. परंतु नळी किती रुंद, किती लांब आणि पेटी केवढी, हा अनेक दशके अंदाजाचा मामला होता. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात त्याचे नेमके गणित मांडले. आज जगातील बहुतेक स्पीकरची आखणी ‘थील-स्मॉल’ राशींच्या आधारेच होते.

या युक्तीलाही किंमत आहे. बंद पेटीचा खर्ज एका मर्यादेखाली सावकाश ओसरतो, दर सप्तकाला १२ डेसिबलने. भोकाच्या पेटीचा खर्ज अधिक खोल जातो खरा, परंतु मर्यादा ओलांडली की कड्यावरून कोसळल्यासारखा २४ डेसिबलने घसरतो. त्याहीपेक्षा गंभीर बाब म्हणजे नळीच्या स्वराखाली गेल्यावर पेटीतील हवेचा शंकूला आधार उरत नाही. तो मोकाट सुटतो आणि फारसा ध्वनी न देताच जोरजोराने मागेपुढे होऊ लागतो. चित्रपटाच्या ध्वनिपटात २०-३० हर्ट्झचे गडगडाट मुबलक असतात. अशा वेळी वूफर इजा होण्याच्या टोकाला पोहोचू शकतो.

संगीतात हा दोष वेगळ्या रूपाने दिसतो. तबलावादक डग्ग्यावर मनगट दाबून जी मींड काढतो, ती एका खालच्या स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाते. नळीचा घुमारा बेतशीर नसेल, तर या सरकत्या स्वरातील एकच जागा फुगून वर येते आणि बाकीची मींड पुसली जाते. मग प्रत्येक ठोक्याला तोच एकसुरी ‘धुम’ ऐकू येतो. सामान्य ग्राहक त्यालाच ‘भरपूर बास’ म्हणतो. जाणकार मात्र अशा स्पीकरपासून चार हात दूर राहतो. स्पीकर पारखण्यासाठी तबल्याच्या एकलवादनाची चांगली ध्वनिमुद्रिका सोबत नेणे, ही म्हणूनच उत्तम युक्ती आहे.

सडपातळ अंगाचे गुणदोष

गेल्या काही दशकांत टॉवरचा दर्शनी भाग अरुंद होत गेला. त्यामागे दिवाणखान्याचे सौंदर्यशास्त्र आहे, तसेच ध्वनिशास्त्रही आहे. अरुंद फळीमुळे मधले व वरचे स्वर दोन्ही बाजूंना सारखे पसरतात आणि दोन स्पीकरांच्या मधोमध गायक उभा असल्याचा भास अधिक ठसठशीत होतो. पण फळी अरुंद झाली की वूफरही लहान होतात. लहान वूफरची धाव वाढवावी लागते किंवा त्यांची संख्या वाढवावी लागते.

आणखी एक अडचण सहसा माहितीपत्रकात दिसत नाही. उंच स्वर फळीवरून पुढच्या दिशेने फेकले जातात, तर खालचे स्वर पेटीला वळसा घालून मागेही जातात. वीस सेंटिमीटर रुंदीच्या टॉवरमध्ये हा बदल साधारण ५००-६०० हर्ट्झच्या आसपास घडतो आणि त्याखालच्या स्वरांची समोरच्या बाजूची पातळी हळूहळू सहा डेसिबलपर्यंत घटते. पुरुषी आवाजाचा भरदारपणा नेमका याच प्रदेशात असतो. तो टिकवण्यासाठी रचनाकाराला वरच्या स्वरांची पातळी मुद्दाम खाली ओढावी लागते. त्यामुळे सच्चा आवाज देणाऱ्या स्पीकरची संवेदनशीलता कागदावर कमी दिसते आणि ही भरपाई टाळणारा स्पीकर दुकानात अधिक ‘मोकळा’ आणि जोरकस वाटतो. घरी महिनाभर ऐकल्यावर तोच पातळ आणि थकवणारा भासू लागतो.

वूफर आणि ट्विटर यांच्यात स्वरांची वाटणी करणारे विद्युतमंडळ म्हणजे क्रॉसओव्हर. पेटीच्या आत दडलेल्या या मंडळावर स्पीकरचा स्वभाव ठरतो. दुहेरी रचनेत ही सीमारेषा बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान येते, म्हणजे जिथे माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो आणि व्यंजने स्पष्ट होतात, नेमकी तिथे. सीमा वर नेली तर साडेसहा इंची वूफरचा ध्वनी झोतासारखा अरुंद होत जातो. खाली आणली तर नाजूक ट्विटरवर ताण पडतो. तीन भागांची रचना केली तर मधल्या स्वरांना स्वतंत्र ड्रायव्हर मिळतो आणि वूफरच्या धडधडीपासून गायकाचा स्वर सुरक्षित राहतो. पण त्यासाठी एकाऐवजी दोन सीमारेषा, अधिक सुटे भाग आणि अधिक खर्च आला. सीमेवर दोन ड्रायव्हरांचे ध्वनी एकमेकांना छेदू नयेत, यासाठी हेवलेट-पॅकार्डमधील अभियंते झिगफ्रीड लिंकविट्झ व रस रायली यांनी १९७६मध्ये सुचवलेली रचना आजही प्रमाण मानली जाते. स्वस्त टॉवरमध्ये ड्रायव्हरांची संख्या डोळ्यांत भरते, पण क्रॉसओव्हर नावापुरता असतो. त्याच किमतीतील साध्या दुहेरी रचनेचा, चांगल्या भागांचा लहान स्पीकर अनेकदा त्याच्यावर मात करतो.

पेटीचेही तेच. मीटरभर उंचीच्या पोकळीत १७० हर्ट्झच्या आसपास हवेचा स्तंभ स्वतःच गाऊ लागतो. पेटीच्या भिंती थरथरल्या तर त्यांचा आवाज संगीतात मिसळतो. ही थरथर आवरण्याचे दोन पंथ आहेत. बीबीसीच्या अभियंत्यांनी पातळ लाकडी भिंतींना आतून जड अस्तर लावून थरथर शोषून घेण्याचा मार्ग पत्करला. ब्रिटनच्याच बॉवर्स अँड विल्किन्स कंपनीने १९८०च्या दशकात पेटीच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आडव्याउभ्या फळ्यांची ‘मॅट्रिक्स’ रचना करून पेटीच अभेद्य केली. पहिला मार्ग कारागिरीचा, दुसरा वजनाचा; आणि टॉवर जितका उंच, तितका दोन्हींचा खर्च अधिक. चांगला टॉवर उचलायला दोन माणसे लागतात, ती उगाच नव्हे.

गाणे आणि सिनेमा

संगीत आणि चित्रपट यांच्या मागण्यांत फरक आहे, तो येथे स्पष्ट होतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बासचा सर्वांत खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, तर पियानोचा साडेसत्तावीस हर्ट्झचा. म्हणजे शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीते किंवा गझल ऐकणाऱ्याला ४०-४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरेसा होतो. त्याची खरी गरज असते ती मधल्या स्वरांच्या निर्मळतेची.

चित्रपटाचे गणित वेगळे आहे. १९९२च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून सिनेमागृहांत आलेल्या डॉल्बी डिजिटल पद्धतीत १२० हर्ट्झच्या खालच्या परिणामांसाठी स्वतंत्र मार्गिकाच राखून ठेवली आहे. सिनेमागृहाच्या प्रमाणित पातळीनुसार प्रत्येक मुख्य मार्गिकेतून प्रेक्षकाच्या आसनापाशी १०५ डेसिबलपर्यंतचे क्षणिक उच्चांक अपेक्षित असतात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर एवढी पातळी देणारा टॉवर तीन मीटरवर ठेवला आणि भिंतींवरून परतणारा ध्वनी हिशेबात धरला नाही, तर हा उच्चांक गाठायला सुमारे ४५० वॅट लागतील. संवेदनशीलता ९८ डेसिबल असेल तर तेच काम ४५ वॅटमध्ये होते. दर दहा डेसिबलला ताकद दसपट करावी लागते, हा यातला कळीचा मुद्दा. खोली स्वतः थोडा हातभार लावते आणि घरी बहुतेक जण प्रमाणित पातळीच्या बरेच खाली ऐकतात, म्हणून व्यवहारात भागते. तरीही चित्रपटासाठी बनवलेले स्पीकर कर्ण्याचा आधार घेऊन संवेदनशीलता का वाढवतात, हे यावरून कळते. पोलादी नियमानुसार त्यांचा खर्ज उथळ राहतो आणि ते काम सबवूफरकडे सोपवले जाते.

१९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’पासून प्रसिद्धीला आलेल्या टीएचएक्सने घरगुती यंत्रणांसाठी नेमका हाच मार्ग आखला. ८० हर्ट्झच्या खालचे सारे सबवूफरला, वरचे मुख्य स्पीकरना. एवढ्या खालच्या स्वराची दिशा कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर सोयीच्या जागी ठेवता येतो. पण मग एक व्यावहारिक प्रश्न उरतो. खर्ज जर सबवूफरच देणार असेल, तर टॉवरच्या खर्जासाठी मोजलेले पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात चित्रपट अधिक पाहिले जातात, तिथे लहान पण उत्तम स्पीकर आणि एक किंवा दोन सबवूफर हा मार्ग बहुधा शहाणपणाचा ठरतो. ज्या घरात रात्री दिवे मालवून दोन स्पीकरांवर गाणे ऐकले जाते, तिथे सबवूफरची जुळवणी करण्यापेक्षा चांगला टॉवर अधिक समाधान देतो. दोन्ही हवे असेल तर टॉवरला ८० हर्ट्झच्या खालच्या कामातून मुक्त केल्याचा एक लाभ आहेच. शंकूची धाव एकदम घटते आणि गायकाचा स्वर मोकळा होतो.

चित्रपटातील बहुतांश संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, हेही विसरून चालत नाही. जोसेफ डी’ॲपोलिटो यांनी १९८३मध्ये मांडलेली, दोन वूफरच्या मधोमध ट्विटर बसवण्याची रचना उभ्या स्पीकरमध्ये चांगली ठरते. तीच आडवी करून टीव्हीखाली ठेवली की दोन वूफर एकमेकांपासून बाजूला जातात आणि सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला काही स्वर क्षीण ऐकू येतात. टॉवरवर खर्च करून मधल्या स्पीकरवर काटकसर केली, तर आजी-आजोबांना संवाद कळत नाहीत आणि आवाज वाढवला की पार्श्वसंगीत कानठळ्या बसवते.

माहितीपत्रक वाचतानाही सावध राहावे लागते. संवेदनशीलता अनेकदा एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टला मोजलेली असते. आठ ओहमच्या स्पीकरसाठी हे दोन्ही सारखेच. पण चार ओहमच्या स्पीकरला त्याच दाबाला दोन वॅट मिळतात आणि आकडा विनासायास तीन डेसिबलने फुगतो. असे स्पीकर अनेक मार्गिकांच्या एव्ही रिसीव्हरला जोडले की तो तापतो. रिसीव्हरवर छापलेले वॅटही पुष्कळदा दोनच मार्गिका चालू असतानाचे असतात.

खोली हाच खरा स्पीकर

इतके सारे केल्यावरही शेवटचा शब्द खोलीचाच असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झचा स्वर अडकून फुगतो, तर दहा फुटी बाजूत ५६ हर्ट्झचा. खोली चौरस असेल तर लांबी-रुंदीचे फुगवटे एकाच जागी येतात आणि खर्ज असह्य होतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून एक मीटर दूर असेल, तर भिंतीवरून परतणारा ध्वनी ८६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर खाऊन टाकतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये टॉवर बहुधा भिंतीला खेटूनच उभा राहतो. त्या स्थितीत भिंत खर्जाला आणखी उचलून धरते आणि मागे भोक असलेला मोठा टॉवर हमखास घुमतो. अशा खोलीला बंद पेटीचा किंवा पुढे भोक असलेला मध्यम आकाराचा स्पीकर अधिक मानवतो. ‘हार्मन’च्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये दाखवून दिले की एका मोठ्या सबवूफरपेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर खर्ज अधिक समान पसरवतात. टॉवरला ही मुभा नाही. गायक जिथे दिसावा तिथेच तो उभा राहतो, मग तिथे खर्ज चांगला असो वा नसो.

शेजारधर्माचाही विचार आलाच. खालचे स्वर भिंती आणि स्लॅब सहज ओलांडतात. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वीस हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या यंत्रणेचा पुरेपूर आनंद सहकारी सोसायटीत किती वेळा घेता येईल, हे खरेदीपूर्वीच स्वतःला विचारलेले बरे. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत शंकूच्या कडेची फोमची झालर काही वर्षांत भुसभुशीत होते, तर पाणी प्यायलेले एमडीएफ फुगते. रबराची झालर आणि सर्व बाजूंनी नीट लेपलेली पेटी येथे चैनीची नव्हे, गरजेची बाब आहे.

डोळे मिटून ऐका

मग चांगला स्पीकर ओळखावा कसा? कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष दिलासा देणारा होता. समोरून सर्व स्वर समान पातळीवर देणारे आणि बाजूंनाही तसाच समतोल राखणारे स्पीकर बहुसंख्य श्रोत्यांना आवडले. ‘ज्याची त्याची आवड’ हे म्हणणे पूर्णपणे खरे नाही, असे त्यातून दिसले. पुढे १९९४मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा न दाखवता आणि एकदा दाखवून ऐकवले. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठ्या, देखण्या पेट्यांना डोळ्यांनी जास्तीचे माप टाकले आणि लहान, स्वस्त दिसणाऱ्या संचाचे गुण घसरले. ऐकणारे लोक ध्वनितंत्राशी संबंधित कंपनीतलेच होते, हे विशेष.

टॉवर स्पीकरचे सर्वांत मोठे आकर्षण आणि सर्वांत मोठा धोका हाच आहे. त्याची उंची, त्यावरील ड्रायव्हरांची रांग, त्याची झळाळी हे सारे कानाच्या आधी डोळ्यांशी बोलते. म्हणून खरेदीला जाताना आपल्या नित्य ऐकण्यातील तीन-चार ध्वनिमुद्रिका सोबत न्याव्यात, दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवायला सांगावी, शक्य असल्यास स्पीकर घरी आणून ऐकावा आणि ऐकताना डोळे मिटावेत. ओळखीच्या गायकाचा गळा ओळखीचाच वाटतो का, डग्ग्याची मींड शेवटपर्यंत ऐकू येते का, कुजबुजलेला संवाद आवाज न वाढवता कळतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकातील तीस आकड्यांपेक्षा अधिक बोलकी असतात.

सर्वगुणसंपन्न स्पीकर आजवर कोणी बनवलेला नाही. आणि पोलादी नियम उभा असेपर्यंत कोणी बनवण्याची शक्यताही नाही. रचनाकाराने काय सोडायचे हे आधीच ठरवलेले असते. आपल्याला काय सोडता येईल, एवढे ग्राहकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी ठरवले, तर खर्जाची किंमत मोजल्याचा पश्चात्ताप त्याच्या वाट्याला येणार नाही.